भाडं दर महिन्याला उशिरा येतंय: ग्रेस पीरियड, दंड आणि घरमालकाने करायच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे. करारात भाड्याची तारीख १, पाच तारखेपर्यंत सवलत आणि सहापासून दंड असं लिहिलंय. भाडेकरू आधी वेळेत देत होता, मग पाचला देऊ लागला, मग नऊला, आणि हल्ली बारा तारखेच्या आसपास देतो. पैसे बुडवत नाही, पण वेळेवर कधीच देत नाही. दोन वर्षांत घरमालकांनी एकदाही दंड घेतलेला नाही. परवा मागितला तर उत्तर आलं, "इतके दिवस चालत होतं, आताच काय झालं?" तर मागच्या सगळ्या महिन्यांचा दंड वसूल करता येईल का, आणि नवीन करारात ग्रेस पीरियड, म्हणजे ही पाच तारखेपर्यंतची सवलत, ठेवावा की काढूनच टाकावा?

दुसऱ्यांच्या जागा भाड्याने लावणं आणि त्यांची वसुली सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. मागचा दंड विसरा. कागदावर तो तुमचा असेलही, पण ज्या महिन्यात आकारायचा होता त्या महिन्यात तुम्ही आकारला नाही, पावती पूर्ण भाड्याची दिली आणि पुढच्या महिन्याचं भाडं बिनतक्रार घेतलं. आता दोन वर्षांचा हिशोब एकदम काढलात तर वसूल होण्यापेक्षा भांडण होण्याची शक्यता जास्त. ग्रेस पीरियड मात्र ठेवा, फक्त तो कशासाठी आहे हे करारात स्पष्ट लिहा. आणि एक महिना सोडून त्याच्या पुढच्या महिन्यापासून करार जसा आहे तसा पाळला जाईल, हे भाडेकरूला आजच लेखी कळवा. ते पत्र कसं लिहायचं ते खाली दिलंय.

सगळा घोळ ग्रेस पीरियडच्या चुकीच्या समजुतीपासून सुरू होतो. भाड्याची तारीख १ आणि सवलत ५ पर्यंत, याचा अर्थ भाड्याची तारीख ५ असा होत नाही. भाडं एक तारखेलाच देय असतं आणि दोन तारखेला ते थकलेलंच असतं. तुम्ही एवढंच कबूल केलेलं असतं की पाचपर्यंत दंड लावणार नाही. भाडेकरूच्या डोक्यात मात्र पहिल्याच महिन्यापासून "पाच" ही तारीख बसते, कारण करारातला पैशांशी संबंधित तोच आकडा त्याला लागू पडताना दिसतो. मग पाच हीच त्याची एक तारीख होते आणि तिच्यापुढे तो आणखी चार दिवसांची सवलत स्वतःच धरतो. तुमच्या बाबतीत पाचाचे नऊ आणि नवाचे बारा झाले ते असेच.

म्हणून करार करताना दोन गोष्टी वेगळ्या वाक्यांत लिहायच्या. मी साधारण असं लिहितो: "भाडं दर महिन्याच्या १ तारखेला देय आहे. ५ तारखेच्या अखेरीपर्यंत भाडं मालकाच्या खात्यात जमा झाल्यास विलंब शुल्क आकारलं जाणार नाही. या सवलतीमुळे भाड्याची देय तारीख बदलत नाही." तिसरं वाक्य वाचायला फालतू वाटतं, पण पुढे नोटीस द्यायची वेळ आली की भाडं कधीपासून थकलं हे त्याच वाक्यावरून ठरतं.

त्यात "जमा झाल्यास" हा शब्दही मुद्दाम घातलाय. पैसे पाठवले कधी आणि पोचले कधी, यावरचे वाद मी भरपूर पाहिलेत. शुक्रवारी रात्री पाठवलेले पैसे सोमवारी दिसतात, चेक पाच तारखेला हातात देतात पण तो वटतो नऊला. करारात यातलं काहीच नसेल तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा दिवस धरतात. जर्मनीत कायद्यानेच महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत भाडं द्यायचं असतं. तरीही हा वाद तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. २०१६ साली न्यायालयाने सांगितलं की खात्यात पुरेसे पैसे असताना भाडेकरूने तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत बँकेला सूचना दिली, तर ते वेळेत दिलं असं धरायचं. बँकेला लागलेला वेळ त्याच्या माथी मारता येणार नाही. त्याआधी, २०१० साली, शनिवार या हिशोबात कामकाजाचा दिवस धरायचा नाही हेही त्याच न्यायालयाला सांगावं लागलं होतं. एवढ्याशा गोष्टीवर माणसं इतकी वर चढतात. तेव्हा करारात एक ओळ जास्त लिहायचा कंटाळा करू नका.

आता सवलत किती दिवसांची? बऱ्याच ठिकाणी हे तुमच्या हातात नसतं. कायदा स्वतःच किमान मुदत ठरवतो, आणि दर ठिकाणी ती वेगळी असते. न्यूयॉर्क राज्यात देय तारखेनंतर ५ दिवस उलटल्याशिवाय दंड लावता येत नाही, आणि लावलाच तर ५० डॉलर किंवा महिन्याच्या भाड्याच्या ५ टक्के, यातली जी रक्कम कमी असेल तेवढाच. टेक्सासमध्ये पूर्ण २ दिवस जावे लागतात. चार किंवा कमी घरांच्या इमारतीत १२ टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या इमारतीत १० टक्क्यांपर्यंतचं शुल्क तिथे वाजवी मानतात. अमेरिकेतल्याच मेन राज्यात १५ दिवस आणि ४ टक्के. मॅसॅच्युसेट्समध्ये तर ३० दिवस होईपर्यंत दंडाचं नावच काढायचं नाही. इंग्लंडमध्ये २०१९ च्या भाडेकरू शुल्क कायद्यापासून भाडं १४ दिवस थकल्यावरच काही आकारता येतं, तेही व्याजाच्या स्वरूपात, बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा जास्तीत जास्त ३ टक्के. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात घरभाड्यावर विलंब शुल्क चालतच नाही. भाडं आलं नाही की थेट नोटिशीच्या मार्गाने जायचं.

ही यादी पाठ करायची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवा की जागा जिथे आहे तिथला कायदा लागतो. मालक दुसऱ्या देशात राहतो, करार त्याने तिथे बसून लिहिला, नमुना तिसऱ्याच देशातून उतरवून घेतला, असे कागद माझ्याकडे नेहमी येतात. "तीन दिवसांनंतर रोज अमुक दंड" हे वाक्य एका ठिकाणी चोख असतं आणि दुसऱ्या ठिकाणी रद्दी.

आपल्याकडे अनेकांना वाटतं की एक महिना भाडं चुकलं की घर खाली करायला सांगता येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं १५ वं कलम वाचा. थकबाकीची लेखी मागणी केल्यावर ९० दिवस जाईपर्यंत त्या कारणासाठी दावाच लावता येत नाही. दावा लावल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढे भाडं नियमित देत राहिला, तर त्याला बाहेर काढता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सचं प्रकरण वेगळं आहे. तिथे मुदत संपल्यावर जागा परत घेण्याची वेगळी प्रक्रिया त्याच कायद्यात दिलीय. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यात सलग दोन महिने भाडं थकणं हे जागा खाली करून घेण्याचं कारण धरलंय, पण तो आदर्श कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणजे पाच दिवसांचा उशीर आणि घर रिकामं होणं यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर मालकाला व्यवहारानेच भरून काढावं लागतं.

जिथे कायदा आकडा ठरवत नाही, तिथे दंडाची रक्कम वाजवी असावी लागते. भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमात तत्त्व स्पष्ट आहे: करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची वरची मर्यादा असते. बाकीच्या बऱ्याच देशांतही विचाराची दिशा हीच आहे. तुमचं खरं नुकसान काय झालं? तुमचा कर्जाचा हप्ता चुकला असेल, पाठपुराव्यात वेळ गेला असेल, थोडं व्याज बुडालं असेल. त्याच्याशी जुळेल इतपत रक्कम ठेवा.

रोजच्या हिशोबाने वाढत जाणारा दंड मालकांना फार आवडतो. तो कागदावर जरब बसवतो, पण वसुलीत आडवा येतो. समजा महिन्याचं भाडं ३,००० आहे, चलन कुठलंही धरा, आणि दंड रोज १०० असा लिहिलाय. भाडेकरू अडचणीत आला आणि तीन आठवडे गेले, तर दंडच २,१०० झाला. आता त्याला ५,१०० द्यायचेत. जो माणूस ३,००० जमवू शकत नव्हता तो ५,१०० कुठून आणणार? तो फोन उचलणं बंद करतो. एकदाच लागणारी माफक रक्कम, किंवा रोजचा दंड ठेवायचाच असेल तर त्यावर कमाल मर्यादा, हे मला जास्त कामाचं वाटतं. दंड भाडेकरूला तारखेची आठवण करून देण्यासाठी असतो. ज्या मालकाच्या जमाखर्चात विलंब शुल्क हे दर महिन्याचं उत्पन्न म्हणून दिसायला लागतं, त्याची भाडेकरूची निवड चुकलीय किंवा भाड्याची तारीख.

काही जण उलटी युक्ती करतात. भाडं थोडं चढवून लिहायचं आणि "एक तारखेला दिल्यास इतकी सूट" असं म्हणायचं. भाडेकरूला सूट म्हटलं की बरं वाटतं हे खरं. पण ज्या ठिकाणी दंडावर मर्यादा आहे तिथे न्यायालय याला मागच्या दाराने लावलेला दंड समजू शकतं, म्हणून स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. दोन वर्षं उशिरा आलेलं भाडं तुम्ही काही न बोलता घेतलंत. कायद्याच्या भाषेत याला हक्क सोडून देणं म्हणतात. एखादा हक्क माहीत असताना तुम्ही तो वारंवार वापरला नाही आणि त्यावर विसंबून समोरचा वागत राहिला, तर अचानक एका सकाळी तो हक्क पूर्ण ताकदीने वापरायला न्यायालयं सहसा राजी नसतात. भाडेपट्टा रद्द करण्याचा अधिकार निर्माण झाल्यावर मालकाने ते माहीत असूनही पुढचं भाडं स्वीकारलं, तर तो अधिकार सोडला असं धरतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या ११२ व्या कलमात हे आहे. त्याच कलमात पुढे असंही म्हटलंय की दावा दाखल केल्यानंतर भाडं घेतलं तर त्याला माफी समजायचं नाही. म्हणजे भाडं घेतलं की नाही यापेक्षा कुठल्या टप्प्यावर घेतलं हे महत्त्वाचं.

"पण करारात लिहिलंय की मालकाने एखाद्या वेळी दुर्लक्ष केलं म्हणून हक्क जाणार नाही," असं तुम्ही म्हणाल. ते कलम असलंच पाहिजे, आणि त्याचा उपयोगही होतो. फक्त त्याच्यावर सगळा भार टाकू नका. एखाद्या वेळचं दुर्लक्ष आणि दोन वर्षांचा परिपाठ यात फरक असतो, आणि ते कलमसुद्धा तुम्ही वागणुकीने सोडून दिलंत असा युक्तिवाद समोरचा वकील करणारच.

यातून बाहेर पडायला कोर्ट लागत नाही, एक पत्र पुरतं. त्यात मागचं काही उगाळायचं नाही, आरोप करायचे नाहीत, आणि आजपासून लगेच असंही म्हणायचं नाही. निदान एक पूर्ण महिना आधी कळवायचं. मजकूर असा चालेल:

"नमस्कार. आपल्या करारानुसार भाडं दर महिन्याच्या १ तारखेला देय असून ५ तारखेनंतर विलंब शुल्क लागू होतं. गेल्या काही महिन्यांत भाडं ५ तारखेनंतर मिळालं आणि मी शुल्क आकारलं नाही. त्या महिन्यांचं शुल्क मी मागणार नाही. मात्र पुढच्या महिन्याच्या पुढच्या महिन्यापासून, म्हणजे अमुक तारखेपासून, करारातली तारीख आणि शुल्क लागू राहील. आपल्या पगाराची किंवा उत्पन्नाची तारीख १ ला सोयीची नसेल तर त्याआधी मला कळवा, तारीख बदलण्याबद्दल आपण बोलू. कळावे."

"पुढच्या महिन्याच्या पुढच्या" हे वाचताना अडखळायला होतं, म्हणून तिथे सरळ तारीखच घाला. पत्र ईमेलने पाठवा, शिवाय करारात नोटिशीसाठी जी पद्धत दिली असेल तिनेही पाठवा. फोनवरच्या बोलण्याला इथे काही किंमत नाही.

पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी शिष्टाचार म्हणून घातलेलं नाही. कायम ठरावीक तारखेलाच उशिरा देणारा भाडेकरू बहुतेक वेळा बेफिकीर नसतो, त्याचा पगारच त्या सुमारास होतो. तुमचा भाडेकरू दर महिन्याला बाराच्या आसपास देतो आणि पैसे पूर्ण देतो. त्याला दहा तारखेला पैसे मिळत असणार, असा माझा अंदाज आहे. अशा माणसाला दर महिन्याला दंड लावत बसण्यात काय अर्थ आहे? भाड्याची तारीखच १२ करून टाका. मधल्या दिवसांचं भाडं एकदाच घ्यायचं. वरचंच उदाहरण घेतलं तर ३,००० भाडं आणि ३० दिवसांचा महिना, म्हणजे दिवसाला १००. एक ते अकरा तारखेचे ११ दिवस, त्याचे १,१०० एकदाच घेतले की पुढे महिना १२ ते ११ असा धरायचा. ही रक्कम एकदम जड जात असेल तर दोन-तीन महिन्यांत वाटून घ्या. पुरवणी करार म्हणून चार ओळी लिहून दोघांनी सह्या करायच्या, आणि करार नोंदवलेला असेल तर पुरवणीचीही नोंद लागते का ते पाहायचं. तुमचा स्वतःचा कर्जाचा हप्ता पाच तारखेला जात असेल तर मात्र हे जमणार नाही. मग भाडेकरूला तसं सांगा. कारण कळलं की माणसं तारीख पाळतात, निदान पाळायचा प्रयत्न करतात.

दुसऱ्या प्रकारच्या भाडेकरूकडे पैसे असतात, लक्षात राहत नाही. त्याच्यासाठी बँकेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ऑटो-डेबिट. घर देतानाच, किल्ल्यांच्या दिवशी, समोर बसवून ती चालू करून घ्या. नंतर कोणी करत नाही. तिसरा प्रकार खऱ्या अडचणीतला, त्याच्याबद्दल पुढे.

माझ्याकडचा क्रम सगळ्या जागांना सारखाच असतो. तारखेच्या तीन-चार दिवस आधी साधी आठवण. देय तारीख गेल्यावर दुसऱ्या दिवशी एक ओळ: "आजपर्यंत भाडं जमा झालेलं दिसत नाही, कृपया पाहावं." त्यात दंडाचा उल्लेख नाही, रागही नाही, कारण बरेचदा बँकेतच अडकलेलं असतं. सवलत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र लेखी हिशोब जातो: भाडं इतकं, शुल्क इतकं, एकूण इतकं, या तारखेपर्यंत. त्यानंतरही आठवडाभर काही आलं नाही तर फोन, आणि त्या बोलण्याचा सारांश लगेच ईमेलवर. मग तिथल्या कायद्याने जी नोटीस सांगितली असेल ती, पहिल्या शक्य दिवशी. मालक इथे मन मोठं करतात आणि महिना घालवतात. पण नोटिशीने कोणी घराबाहेर जात नाही. तिच्यापासून कायद्याची मुदत मोजायला सुरुवात होते, एवढंच. भाडं आलं की ती निकालात निघते.

हा क्रम एका भाडेकरूला लावायचा आणि दुसऱ्याला नाही, असं करू नका. ज्यांच्या दोन-चार जागा आहेत ते ओळखीच्या भाडेकरूला सोडतात आणि अनोळखी माणसाला दंड लावतात. बऱ्याच देशांत जात, धर्म, वंश, कुटुंबाची स्थिती यांवरून भाडेकरूंत भेद करायला बंदी आहे, आणि तुमची असमान वागणूक हाच तिथे पुरावा होऊन बसतो. माफ करायचंच असेल तर त्याचाही नियम ठेवा. मी वर्षातून एकदा पहिला उशीर माफ करतो, सगळ्यांना, आणि तसं लिहून कळवतो: "या महिन्याचं शुल्क माफ केलं आहे, करारातली अट कायम आहे." लिहून केलेली माफी आणि गप्प बसून झालेली माफी यांत तुमच्या दोन वर्षांएवढा फरक आहे.

अर्धवट पैसे आले तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दंड सुरू केलात की पुढच्याच महिन्यात हा प्रश्न येईल. भाडं ३,०००, शुल्क १५०, आणि भाडेकरूने ३,००० पाठवले. आधी शुल्क वळतं केलंत तर भाड्यात १५० कमी पडले, म्हणजे भाडं थकलं, म्हणजे पुन्हा शुल्क, आणि पुढच्या महिन्यात तेच. एका उशिरावर वर्षभर दंड चालू राहतो. काही ठिकाणी असा दंडावर दंड स्पष्टपणे बेकायदा आहे, आणि जिथे नाही तिथेही न्यायाधीश कपाळाला हात लावतात. भारतीय करार कायद्याची कलमं ५९ ते ६१ सांगतात की देणाऱ्याने पैसे कशापोटी आहेत हे सांगितलं असेल तर ते त्यातच धरायचे; सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल तर घेणारा ठरवू शकतो; दोघांनीही ठरवलं नाही तर जुन्यात जुनं देणं आधी. माझी पद्धत सरळ आहे: आलेले पैसे आधी सगळ्यात जुन्या भाड्यात, शुल्क वेगळ्या रकान्यात. पावतीवर "जुलैचं भाडं पूर्ण, जुलैचं शुल्क १५० बाकी" असं लिहायचं. "पैसे मिळाले" एवढंच लिहिलेली पावती पुढे कोणाच्याच कामाची राहत नाही.

नोटीस दिल्यानंतर अर्धे पैसे घेण्याआधी मात्र थांबा आणि विचारा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नोटिशीनंतर थोडेसुद्धा पैसे स्वीकारले तर ती नोटीस रद्द होऊ शकते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून काही मालक त्या काळात ऑनलाइन भरणाच बंद ठेवतात, कारण खात्यात पैसे आपोआप जमा झाले तरी ते स्वीकारल्यासारखेच होतात.

अडचणीतल्या भाडेकरूबद्दल. नोकरी गेली, आजारपण आलं, धंद्यातले पैसे अडकले. इथे दंड निरर्थक असतो आणि मी तो थांबवतोच. हप्ते बांधून द्यायचे, पण चालू भाडं त्यातून सुटता कामा नये. "चालू महिन्याचं भाडं ठरल्या तारखेला, शिवाय थकबाकीपैकी दर महिन्याला इतके, अमुक महिन्यापर्यंत. एक हप्ता चुकल्यास उरलेली सगळी थकबाकी लगेच देय. ही मुदत दिली म्हणून थकबाकी माफ झालेली नाही." या तीन वाक्यांवर दोघांच्या सह्या. चार-सहा महिन्यांपेक्षा लांब योजना मला टिकताना दिसत नाहीत. शेवटचं वाक्य किती गरजेचं आहे हे २०२० मध्ये कळलं. साथीच्या काळात कित्येक मालकांनी "बघू नंतर" म्हणून सांगितलं. भाडेकरूंनी ते माफी समजून ऐकलं, मालकांनी मुदतवाढ समजून सांगितलं, आणि कागद कोणाकडेच नव्हता.

डिपॉझिटमधून वळतं करा, असं भाडेकरू सुचवतात. शक्यतो नको. डिपॉझिट संपलं की शेवटच्या दिवशीच्या मोडतोडीला हातात काही उरत नाही. आणि ते कशासाठी वापरायचं यावर अनेक ठिकाणी कायद्याची बंधनं असतात, मनाप्रमाणे उचलता येत नाही.

कुलूप बदलणं, पाणी किंवा वीज तोडणं, सामान बाहेर ठेवणं यांपैकी काहीही करू नका. महाराष्ट्राच्या कायद्यात पाणी-विजेसारख्या अत्यावश्यक सोयी तोडण्याविरुद्ध २९ वं कलम आहे, आणि बहुतेक देशांत अशा गोष्टींना परवानगी नाही. थकबाकीच्या प्रकरणात उजवी असलेली बाजू मालक या एका दिवसात घालवतात.

दुकान किंवा ऑफिसची जागा असेल तर गणित बदलतं. तिथे दंडावरच्या मर्यादा सहसा सैल असतात, व्याजाचं कलम नेहमीचंच असतं आणि मालकाच्या हातात हत्यारंही जास्त असतात. पण हक्क सोडून दिल्याचा धोकाही तिथे जास्त कडक आहे. इंग्लंडमध्ये व्यापारी जागेचं भाडं ठराविक दिवस थकल्यावर मालकाला पट्टा संपवता येतो, पण तो अधिकार निर्माण झाल्यावर पुढच्या तिमाहीचं बिल नुसतं पाठवलं तरी तो जाऊ शकतो. म्हणून तिथले अनुभवी व्यवस्थापक अशा वेळी आधी हिशोबखात्याला कळवून त्या भाडेकरूचं बिल आणि जमा दोन्ही रोखतात. संगणकाने आपोआप पाठवलेलं बिल हे वकिलांच्या आवडीचं साहित्य आहे.

तुमच्यापुरतं बोलायचं तर या आठवड्यात पत्र पाठवा आणि तारीख बदलण्याचा पर्याय खुला ठेवा. त्याने तारीख बदलून मागितली तर पुरवणी करा आणि नव्या तारखेनंतर तीनच दिवसांची सवलत ठेवा, जर तिथला कायदा जास्त देत नसेल. तारीख त्याच्या सोयीची झाल्यावर लांब सवलतीचं कारण उरत नाही. त्याने उत्तरच दिलं नाही, तर पत्रात दिलेल्या महिन्यात सवलत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी शुल्काचा हिशोब पाठवा, रक्कम कितीही छोटी असली तरी. शुल्क न देता नुसतं भाडं आलं तर भाडं जमा करून घ्या, पावतीवर शुल्क बाकी दाखवा आणि ते दर महिन्याच्या हिशोबात पुढे ओढत राहा. एवढ्याशा बाकीवरून नोटीस काढू नका; करार नव्याने करायची वेळ येईल तेव्हा ती आकडेवारी तुमच्या हातात असेल, आणि तेव्हा आधी बाकी मिटवायची, मग नव्या कागदावर सही, असा क्रम ठेवा.